‘धोंडो’ : एका नावाची व्युत्पत्ती, हेतू आणि प्रसार

व्यक्तिनामांचा विचार करताना लक्ष प्रथम देवनामांकडे जाते. विठ्ठल, केशव, गणेश ही नावे मुलांना का ठेविली जातात हे वेगळे सांगावे लागत नाही. परंतु महाराष्ट्रात त्यांच्याच जोडीने धोंडो, दगडू, केरू, कचरू, उकर्डा, भिका अशी नावेही पिढ्यान् पिढ्या चालत आली. ज्या मुलासाठी नवस केले, उपवास केले, त्यालाच घराबाहेर टाकून द्यावयाच्या वस्तूचे नाव द्यावे, यात सकृद्दर्शनी विसंगती आहे. या वर्गातील ‘धोंडो’ हे नाव विशेष प्रसार पावलेले असल्याने त्याच्या आधारे या विसंगतीचा उलगडा करणे सोयीचे होते.

प्रथम रूपाचा विचार करू जाता, नावाच्या मुळाशी ‘धोंडा’ म्हणजे मोठा दगड हा रोजच्या व्यवहारातील शब्द आहे, हे उघड आहे. शिला, पाषाण, अश्मन् असे प्रतिष्ठित संस्कृत शब्द उपलब्ध असता नावासाठी बोलीतलाच शब्द घेतला गेला, ही गोष्ट लक्षणीय होय. अन्त्य ‘ओ’कार हा जुन्या मराठी नामरूपांचा परिचित विशेष आहे. खंडो बल्लाळ, नारो शंकर या नावांत तो आढळतो, व त्याला ‘बा’ हा आदरप्रत्यय लागून विठोबा, खंडोबा अशी रूपे होतात. धोंडो, धोंडू, धोंडिबा, धोंडाजी, धोंडिराम, धोंडोपंत ही सारी एकाच नावाची रूपे असून, कोणत्या रूपाने हाक मारावयाची हे व्यक्तीच्या जातीवरून, वयावरून व मानावरून ठरे. स्त्रियांतही धोंडूबाई, धोंडाबाई ही नावे होती. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी (1927–2014) यांच्यामुळे त्यांतील एक रूप संगीताच्या क्षेत्रात चिरपरिचित झाले.

या नावाची एक निराळी उपपत्ती लोकांत सांगितली जाते. अधिक मासास ‘धोंड्याचा महिना’ म्हणतात, त्या महिन्यात जावयाला धोंडे म्हणजे पुरण भरलेले पक्वान्न खाऊ घालतात. तेव्हा त्या महिन्यात जन्मलेला तो धोंडो, असे हे मत आहे. काही व्यक्तींच्या बाबतीत ते खरे असणे अशक्य नाही. परंतु 19 वर्षांच्या 235 चांद्रमासांत अधिक मास अवघे 7 येतात, म्हणजे शंभर जन्मांपैकी सुमारे तीनच जन्म त्यांत पडावयाचे. शिवाय या उपपत्तीने दगडू, केरू, कचरू यांचा उलगडा मुळीच होत नाही. एका वर्गातील सर्व नावांस लागू पडणारे कारण उपलब्ध असता, एकाच नावापुरते वेगळे कारण कल्पिणे शास्त्रीय दृष्ट्या इष्ट नव्हे.

ते सर्वसामान्य कारण म्हणजे बालमृत्यूचे भय. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे दोनशे मुले वर्षाच्या आत दगावत. देवी, पटकी, हगवण, धनुर्वात यांपुढे घरच्यांचा इलाज चालत नसे. एकापाठोपाठ एक मुले गेली म्हणजे त्यांच्यावर कोणाची तरी नजर आहे, अशी आईबापांची समजूत होई. सुंदर, लाडके मूल त्या नजरेत भरते. मग पुढच्या मुलाची किंमतच शून्य करून दाखविली तर ते वाचेल, असा हा तर्क होता. नाव हे या तर्काचे केवळ एक अंग होय. मूल उकिरड्यावर क्षणभर ठेवून परत उचलून आणीत, तो ‘उकर्डा’. शेजारणींकडून भिक्षा मागून त्यावर वाढविलेला तो ‘भिका’. मुलगी आहे असे भासविण्यासाठी नाक टोचलेला तो ‘नथू’. धोंड्याला मात्र असा विधी लागत नसे. वाटेवर पडलेला दगड कोणी उचलून नेत नाही, एवढे त्या नावाने सांगितले की पुरे.

ही चाल एकट्या महाराष्ट्राची नाही. बंगालीत तीन कवड्यांना विकलेला ‘तिनकडी’ व पाच कवड्यांचा ‘पाँचकडी’ भेटतो. हिंदी प्रदेशात ‘बेचन’ आणि ‘घुरहू’ आढळतात. गुजरातीत ‘कचरो’ आहे. पंजाबी विशेषनामांवर रिचर्ड टेंपल याने 1883 मध्ये लिहिलेल्या प्रबंधातही या प्रकारच्या नावांची दखल घेतलेली आहे. प्राचीन वाङ्मयात ऐतरेय ब्राह्मणातील अजीगर्ताच्या तिन्ही पुत्रांची नावे, शुनःपुच्छ, शुनःशेप व शुनोलाङ्गूल, कुत्र्याच्या अवयवांवरून पडलेली दिसतात. त्यामागील हेतू ग्रंथ सांगत नाही. तथापि प्रतिष्ठित कुळातही हीनार्थी नाव वर्ज्य नव्हते, एवढे त्यावरून निश्चित होते. पाली जातककथांतील नामसिद्धिजातकात ‘पापक’ नावाचा शिष्य चांगल्या नावाच्या शोधात निघतो. वाटेत त्याला जीवक मेलेला दिसतो, धनपाली दारिद्र्यामुळे मार खाताना दिसते आणि पंथक वाट चुकलेला भेटतो; तेव्हा आहे तेच नाव बरे असे म्हणून तो परत येतो.

आतापर्यंतच्या विवेचनात ‘धोंडा’ हा निरुपयोगीपणाचा वाचक मानला आहे. परंतु दगडाला दुसराही एक गुण आहे, तो टिकाऊपणाचा. आश्वलायन गृह्यसूत्रातील जातकर्मात पिता नवजात पुत्राच्या खांद्यांना स्पर्श करून जो मंत्र म्हणतो, त्यात ‘तू दगड हो, परशू हो, अजिंक्य सुवर्ण हो’ अशा आशयाचा आशीर्वाद आहे. विवाहातील अश्मारोहणात वधूला दगडावर उभे करून त्याच्यासारखी स्थिर होण्यास सांगतात. ‘धोंडो’ हे नाव या मंत्रातून निघाले असे म्हणण्यास आधार नाही. परंतु दगडाच्या ठायी आयुष्याची बळकटी पाहण्याची दृष्टी विधींमध्ये रुजलेली होती, हे नाकारता येत नाही. केरू, कचरू यांच्या मानाने हे नाव मानाच्या घरांतही सहज स्वीकारले गेले, याचे कारण त्याच्या या दुहेरी अर्थात असावे. वाईट नजरेला तो टाकाऊ दिसतो, आईबापांच्या मनात मात्र तो अभंग असतो.

या नावाचा प्रसार सर्व थरांत झाला होता. 1800 साली पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले हे धोंडजी वाघाशी झालेल्या लढाईत मारले गेले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेने धोंडजीचा अंत केला. एक ब्राह्मण सेनानी व एक पुंड साहसी पुरुष, दोघांचे नाव मुळात एकच होते. 1857 च्या उठावातील नानासाहेब पेशवे यांचे नाव धोंडोपंत. स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिलेले महर्षी कर्वे (1858–1962) हे धोंडो केशव.

तथापि समान नावाला सर्वत्र समान वजन नव्हते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, तर शूद्राचे जुगुप्सावाचक असावे असे सांगितले आहे. वरच्या जातीत हीनार्थी नाव हा आईबापांनी भयापोटी केलेला अपवाद होता आणि ‘पंत’ जोडताच त्याची धार बोथट होई. ज्यांना असा प्रत्यय मिळत नसे त्यांच्या बाबतीत तेच नाव समाजाच्या अवहेलनेशी जुळून जाई. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (1978) या आत्मकथनात कवी दया पवार व त्याचा पूर्वीचा ‘दगडू’ समोरासमोर येतात. नावाचे हे ओझे त्या रचनेतच प्रकट झाले आहे.

मुलींच्या ‘नकोशी’, ‘नकुसा’ या नावांशीही धोंडोची गल्लत करणे योग्य नाही. दोन्ही नावे तिरस्काराचीच दिसतात, परंतु धोंडोतील तिरस्कार लटका असतो, नकोशीतील खरा. मुलीमागून मुली झाल्या, आता मुलगी नको, हा त्या नावाचा सरळ अर्थ होय. सातारा जिल्ह्यात 2011 साली अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. धोंडोसाठी तशा समारंभाची गरज पडली नाही. ते नाव आपोआप मागे पडले.

त्याची कारणे दोन संभवतात. शाळेत ‘दगड’ आणि ‘धोंडा’ हे मंदबुद्धीचे पर्याय झाल्याने हजेरीपटावर ते नाव सोसेनासे झाले. दुसरे कारण अधिक मूलगामी होय. 1971 साली भारतात दर हजार जन्मांमागे 129 अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. 2020 साली हे प्रमाण 28 वर, आणि महाराष्ट्रात 16 वर आले. देवीचा भारतातील शेवटचा रुग्ण 1975 साली आढळला. ज्या भयाने नाव जन्मास घातले ते भय ओसरले, तसे नावही ओसरले. मात्र मराठी नामपद्धतीत पित्याचे नाव मधल्या स्थानी येत असल्याने वापरातून गेलेले नाव आणखी एक पिढी कागदोपत्री उरते. संततिनियमनाचे पुरस्कर्ते रघुनाथ धोंडो कर्वे (1882–1953) यांच्या नावात ते असेच मध्यभागी आहे.

या नावाचा पुरावा म्हणून उपयोग करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. आजोबांचे नाव नातवास देण्याची रूढी असल्याने प्रत्येक धोंडोच्या पाठीमागे गेलेली भावंडे होतीच, असे अनुमान काढता येणार नाही. परंतु त्या नावाच्या परंपरेत मागे जात राहिल्यास, कोणत्या तरी पिढीत एक रिकामा पाळणा आणि त्यानंतर जन्मलेले एक मूल असण्याचा संभव मोठा आहे. हे मूल आपल्याला नको आहे असे आईबापांनी जगाला मोठ्याने सांगितले, ते तेवढ्याने तरी वाचावे म्हणून.