दक्षिण कोरिया : बहुसांस्कृतिक घरांतील किशोरांचे वजन

दक्षिण कोरियात ‘बहुसांस्कृतिक कुटुंब’ ही २००८च्या साहाय्य कायद्याने निश्चित केलेली संज्ञा असून, कोरियन नागरिक आणि विवाहाने तेथे स्थायिक झालेली स्थलांतरित व्यक्ती (बहुधा चीन, व्हिएतनाम वा फिलिपिन्समधून आलेली आई) यांचे घर, असा तिचा ढोबळ अर्थ आहे. २००५पासून दरवर्षी होणाऱ्या किशोर-आरोग्य सर्वेक्षणात सातवी ते बारावीचे विद्यार्थी आपली उंची व वजन स्वतः नोंदवतात, आणि त्यांवरून बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या, काढला जातो; वाढत्या वयात प्रौढांचा २५चा निकष लागू पडत नसल्याने, त्याच वयाच्या व लिंगाच्या शंभरांपैकी सुमारे ९५ मुलांहून अधिक बीएमआय असणे, अर्थात ९५वे शततमक ओलांडणे, ही तेथे स्थूलता ठरते. स्वतः सांगितलेले वजन अनेकदा प्रत्यक्षाहून कमी असते, ही मर्यादा आहेच. परंतु त्याहून मोठी चूक म्हणजे बहुसांस्कृतिक आणि इतर घरांतील किशोरांच्या वजनांतील फरकाचे कारण आईच्या मायदेशात शोधणे, कारण कुटुंबाचे उत्पन्न, चुकलेली न्याहारी, झोप आणि शाळेतील एकटेपणा यांचा विचार आधी व्हायला हवा. याच सर्वेक्षणात स्वतःचे शरीर कसे वाटते, हेही विचारले जाते. वजन सर्वसाधारण असूनही स्वतःला जाड समजणारी मुले त्या उत्तरांतूनच समोर येतात.