मुखातील तंतुमयता आणि पेशीसंदेशांतील विकरे

सुपारी चघळण्याची सवय सुटली, तरी त्या सवयीने आखडलेले तोंड बहुधा पूर्ववत् उघडत नाही, ही गोष्ट दंतवैद्यांच्या नित्य परिचयाची आहे. कारण दूर झाले असता कार्यही लोप पावावे, या सामान्य अपेक्षेला हा रोग अपवाद का ठरतो, हा प्रश्न वैद्यकाचा तसाच पेशीविज्ञानाचाही आहे. त्याच्या उत्तराचा मोठा भाग पेशींतील संदेशवहन करणाऱ्या विकरांच्या, म्हणजेच एन्झाइमांच्या, कार्यात सापडतो.

पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या मुखात आढळलेल्या या विकृतीचे वर्णन श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये केले. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी तिला श्लेष्मल त्वचेखालील तंतुमयता असे नाव दिले. पिंडबोर्ग व मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांनी १९६६ मध्ये तिची जी व्याख्या केली, ती आजही आधारभूत मानली जाते. एर्नाकुळम् येथे ६६ रुग्णांचे १७ वर्षांपर्यंत निरीक्षण करण्यात आले, त्यांपैकी ७.६ टक्के रुग्णांना मुखाचा कर्करोग झाल्याचे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. यावरून या रोगाचे गांभीर्य केवळ घास घेण्याच्या अडचणीपुरते नाही, हे स्पष्ट होते.

तंतुमयता म्हणजे मूलतः जखम भरण्याचीच क्रिया होय. फरक एवढाच की, ती योग्य वेळी थांबत नाही. या क्रियेचा प्रमुख संदेशवाहक म्हणजे रूपांतरक वृद्धिघटक-बीटा हे प्रथिन. ते पेशींबाहेर सुप्तावस्थेत साठविलेले असते व मुक्त झाल्यावरच कार्यक्षम होते. पेशीच्या पटलावर त्याचे दोन प्रकारचे ग्राही असतात आणि हे दोन्ही ग्राही स्वतःच कायनेज वर्गातील विकरे आहेत. अन्य रेणूंवर फॉस्फेटगट बसविणे हे कायनेजांचे कार्य. वृद्धिघटक जोडला गेला की दुसऱ्या प्रकारचा ग्राही पहिल्या प्रकारच्या ग्राहीवर फॉस्फेट बसवून त्यास जागृत करतो. जागृत झालेला ग्राही पेशीरसातील स्मॅड-२ व स्मॅड-३ या प्रथिनांवर तीच क्रिया करतो. ही प्रथिने स्मॅड-४ शी संयोग पावून केंद्रकात शिरतात व ठराविक जनुकांना चालना देतात. फॉस्फेट काढून टाकणारी फॉस्फेटेज विकरे याच्या उलट कार्य करतात. तेव्हा संदेश किती काळ टिकावा, हे या दोन वर्गांच्या समतोलावर अवलंबून राहते.

सुपारीचा संबंध येथे येतो. सुपारीतील अॅरेकोलीनादी अल्कलॉइडे संवर्धित उपकला पेशींना दिली असता त्या पेशींत जेएनके नावाचे आणखी एक कायनेज जागृत होते व वृद्धिघटक-बीटाचा संदेश वाढतो, असे प्रयोगांत आढळले आहे. त्याचे परिणाम त्रिविध होतात. कोलॅजेनाची निर्मिती वाढते. कोलॅजेनाचे विघटन करणाऱ्या विकरांना रोखणारी प्रथिने अधिक प्रमाणात तयार होतात. आणि लायसील ऑक्सिडेज या विकराचे प्रमाण वाढते. हे विकर स्वतः संदेशवाहक नाही. कोलॅजेनातील लायसीन या अमिनो अम्लाचे ऑक्सिडीकरण करून शेजारशेजारच्या तंतूंत पक्के आडबंध निर्माण होण्यास ते कारणीभूत होते. त्याला तांब्याची आवश्यकता असते आणि सुपारीत तांबे बऱ्याच प्रमाणात असते, हा योग लक्षणीय आहे. आडबंधांनी जखडलेल्या कोलॅजेनाचे विघटन सहजासहजी होत नाही. सवय सुटल्यावरही तोंड आखडलेले राहते, त्याचे पहिले कारण हे होय.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. दीर्घकाळ संदेश मिळत राहिल्यास तंतुजनक पेशी स्नायूप्रमाणे आकुंचन पावणाऱ्या पेशींत रूपांतरित होतात. भरून येणाऱ्या जखमेतील अशा पेशींचे वर्णन गॅब्बियानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये केले. या पेशी सभोवतालच्या तंतुजालास ताण देतात. जाल मऊ असेल, तर ते ताणासरशी नमते. कठीण असेल, तर त्या ताणाने सुप्त वृद्धिघटक मोकळा होतो व तोच संदेश पुन्हा सुरू होतो. म्हणजे प्रारंभी जो परिणाम होता, तोच पुढे कारण बनतो. हे ज्ञान मुख्यतः अन्य ऊतकांच्या अभ्यासातून मिळालेले असल्यामुळे मुखाच्या बाबतीत त्याची पडताळणी स्वतंत्रपणे व्हावयास हवी.

मग या कायनेजांनाच औषधाने का रोखू नये, अशी शंका साहजिक आहे. परंतु वृद्धिघटक-बीटा निरोगी उपकला पेशींच्या वाढीस आवरही घालतो. ज्या श्लेष्मल त्वचेत कर्करोगाची भीती आहे, तेथे हा आवर काढून घेणे धोक्याचे ठरू शकते. शिवाय पहिल्या ग्राहीस रोखणाऱ्या काही द्रव्यांमुळे प्रयोगातील प्राण्यांच्या हृदयाच्या झडपांना इजा झाल्याचे दिसून आले आहे. आडबंधांवर रोख ठेवलेला उपायही सोपा ठरला नाही. लायसील ऑक्सिडेज कुलातील पाचांपैकी एका विकराविरुद्ध तयार केलेले सिमटुझुमॅब हे प्रतिपिंड फुप्फुसाच्या तंतुमयतेत निरुपयोगी ठरल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले.

या क्षेत्रात संशोधन करू इच्छिणाऱ्यांनी एक भेद सदैव ध्यानात ठेवावा. ऊतकाच्या छेदात एखादे विकर विपुल आढळले, म्हणजे ते कार्यरत आहेच असे सिद्ध होत नाही. त्याकरिता फॉस्फेटयुक्त स्मॅड किती, केंद्रकात किती, हे मोजावे लागते. आणि तेही सवय चालू असलेल्या व सोडलेल्या रुग्णांत तुलनेने. संदेश कोणत्या टप्प्यापर्यंत बाह्य कारणावर अवलंबून असतो व कोठून तो स्वयंपोषित होतो, हे अशा मोजमापातूनच ठरेल. त्या टप्प्यापूर्वी सुपारी सुटली, तर रोगाची गती रोखता येण्याची आशा अधिक. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीस निश्चित कर्ककारक द्रव्यांच्या वर्गात घातले आहे. तेव्हा उपचाराचा शोध चालू असता प्रतिबंधाचे महत्त्व तिळमात्र उणे होत नाही.