डिसोझाबाईंचं आडनाव

बीई होऊन नोकरीला लागलो, त्या वर्षीची गोष्ट. गोव्यातल्या एका क्रेडिट सोसायटीच्या सभासद-नोंदणीचा प्रोग्राम मी लिहिला होता. नाईक, गावडे, कामत बिनतक्रार नोंदले गेले. मग काउंटरवरून फोन आला: एका डिसोझाबाईंचा अर्ज काही केल्या सेव्ह होत नाही.

इंग्रजीत हे आडनाव लिहिताना ‘डी’नंतर वर ॲपॉस्ट्रॉफी येतो. एसक्यूएलमध्ये हेच चिन्ह मजकूर कुठे सुरू झाला नि कुठे संपला ते सांगतं. मी लोकांनी भरलेलं नाव जसंच्या तसं क्वेरीत चिकटवत होतो. त्यामुळे डेटाबेसच्या लेखी नाव ‘डी’पाशीच संपलं आणि पुढचं ‘सोझा’ ही आज्ञा ठरली. मी काय केलं? नावातला ॲपॉस्ट्रॉफी गाळून टाकला. बाईंचं आडनाव बिघडलं, त्याचंही काही वाटलं नाही.

आमच्या सीनियरनं ते पाहिलं. ‘‘त्यांनी चुकून तुझी क्वेरी मोडली. कुणी मुद्दाम मोडली तर?’’ असं म्हणून त्यानं चाचणीच्या प्रतीवर लॉगिनचं पान उघडलं आणि पासवर्डच्या रकान्यात ॲपॉस्ट्रॉफी टाकून पुढे ‘किंवा एक बरोबर एक’ अशा अर्थाची अट लिहिली. एक बरोबर एक हे तर कायमच खरं! पासवर्ड माहीत नसताना तो मॅनेजर म्हणून आत गेला. समोर पत्ते, पॅन क्रमांक, ठेवी. त्या प्रतीतही मी खऱ्या सभासदांचीच माहिती भरली होती. माझे कान तापले.

या प्रकाराला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. डिसेंबर २००९मध्ये रॉकयू या अमेरिकन कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड याच वाटेनं गेले, आणि ते तिथे उघडेच साठवलेले होते. सर्वांत लाडका पासवर्ड होता १२३४५६. ती यादी आजही पासवर्ड ओळखायला वापरली जाते.

उपाय अवघड नाही. मनीऑर्डरच्या छापील फॉर्मसारखा क्वेरीचा साचा आधी ठरवायचा, माहिती वेगळी पाठवायची. नावाच्या रकान्यात कुणी काहीही लिहिलं, तरी छापलेला मजकूर बदलत नाही. पासवर्ड तर साठवायचाच नाही. बीक्रिप्टसारख्या पद्धतीनं काढलेला त्याचा हॅश ठेवायचा. त्यात प्रत्येकासाठी वेगळं ‘मीठ’ पडतं, म्हणून दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश निराळे. शिवाय ही पद्धत मुद्दाम संथ ठेवलेली आहे. चोराला कोट्यवधी अंदाज भराभर करून पाहता येत नाहीत.

‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर एखादी साइट तुमचा जुनाच पासवर्ड ईमेलनं पाठवत असेल, तर तिच्याकडे तो वाचता येईल असाच पडून आहे. तोच दुसरीकडे वापरत असाल, तर आजच बदला.

डिसोझाबाईंची नोंद मी त्याच आठवड्यात दुरुस्त केली. नवा प्रोग्राम तपासताना पहिला सभासद आजही मी त्यांच्याच आडनावाचा घालतो, फक्त माणूस काल्पनिक असतो.