चित्रे ठेवायची कुठे?

सभेच्या इतिवृत्ताची वही ज्याने सांभाळली आहे, त्याला गिट समजावून सांगायला वेळ लागत नाही. इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही. गेल्या सभेची नोंद चुकली असेल तर ह्या सभेत दुरुस्ती मांडायची, खाली सही-तारीख घालायची. जुने पान मात्र फाडायचे नाही. लिनस टॉरवाल्ड्स ह्यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी गिट तयार केले, त्याची शिस्त हीच आहे. प्रत्येक नोंदीला कर्त्याचे नाव, तारीख आणि चाळीस अक्षर-आकड्यांची एक खूण मिळते. ती खूण नोंदीतल्या ऐवजावरूनच काढलेली आणि मागच्या नोंदीच्या खुणेशी बांधलेली असते, म्हणून मधलेच एखादे पान गुपचूप बदलता येत नाही. शिवाय ही वही एकट्या चिटणिसाच्या कपाटात नसते. जो काम करायला येतो, तो सामान्यतः पहिल्या पानापासून सगळी वहीच उतरवून घेतो.

अनेकांनी मिळून ऑनलाइन अभ्यासवर्ग चालवायचा, तर ही सोय उत्तम. ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा ह्यांनी १९९८ साली अमेरिकेतील लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांना संगणकाची कामे शिकवायला सुरुवात केली. त्यातून ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ उभी राहिली. तिचे पाठ आज गिटहबवर उघडे असतात आणि शिकायला आलेला माणूसही त्यांत दुरुस्ती सुचवू शकतो. शास्त्रज्ञांच्या वर्गाला सुतारकीचे नाव द्यावे, हे मला तरी फार आवडले.

मजकुरापुरते सगळे सुरळीत चालते. अडचण येते ती चित्रांची.

दहा केबीचा पाठ दहा वेळा सुधारला तरी वही फारशी फुगत नाही. गिट मजकूर दाबून ठेवते आणि सारख्या आवृत्त्यांतला फरक तेवढा साठवू शकते. फोनने काढलेला फोटो मात्र मुळातच दाबलेला असतो. त्याचा उजेड थोडा वाढवला की आतला जवळजवळ सगळा ऐवज बदलतो, आणि गिटला तो नवाच फोटो म्हणून ठेवावा लागतो. चार एमबीचा फोटो नऊ वेळा बदलला की सुमारे चाळीस एमबी झाले. पानावर दिसतो एकच. वही उतरवून घेणाऱ्याच्या माथी दहाही. नुसते पान वाचणाऱ्याला जुन्या नऊ फोटोंचा भार पडत नाही हे खरे, पण दहावा चार एमबीचा फोटो त्याला त्याच्याच रिचार्जमधून उतरवावा लागतो. पाळी संपवून बसमध्ये उभ्याने पाठ वाचणाऱ्या माणसाचा विचार आधी केला पाहिजे. रुंदी हजार-बाराशे बिंदूंवर आणली की बहुतेक फोटो दोनशे-तीनशे केबीत बसतात, आणि फोनवर काहीही बिघडत नाही.

मग कुणी म्हणतो, चित्रे फुकट ठेवू देणाऱ्या एखाद्या जागी टाकू आणि पाठात नुसता पत्ता देऊ. २०१७ साली फोटोबकेटने काय केले ते पाहा. वर्षानुवर्षे लोकांनी तेथे फोटो ठेवून आपल्या पानांवर दाखवले होते. कंपनीने नियम बदलला आणि बाहेरच्या पानांवर फोटो दाखवायचे तर वर्षाला सुमारे चारशे डॉलर मागितले. असंख्य पानांवर चित्रांच्या जागी कंपनीची पाटी आली. भाड्याच्या जागेत कार्यालय थाटणाऱ्या संघटनांना हा अनुभव निराळा सांगायला नको.

म्हणून कार्पेंट्रीची रीतच मला बरी वाटते. पाठांच्याच कोठारात ‘फिग’ नावाचा कप्पा, चित्रे त्यात, आणि पाठात त्या कप्प्याचा जवळचा पत्ता. कोठार दुसरीकडे हलवले तरी चित्रे बरोबर जातात, आणि इंटरनेट नसले तरी दिसतात. फाइलींची नावे सगळी लहान लिपीत ठेवावीत. विंडोजवर मोठे-लहान अक्षर खपून जाते, लिनक्सच्या सर्व्हरवर खपत नाही. आपल्या टेबलावर दिसणारे चित्र लोकांना दिसत नाही ते पुष्कळदा एवढ्यावरूनच. प्रत्येक चित्राखाली ते कशाचे आहे त्याची एक ओळ लिहावी, म्हणजे अंध वाचकालाही पाठ पोचतो.

मोठ्या ऐवजाला मर्यादा आहेच. गिटहब ५० एमबीच्या वरच्या फाइलीला इशारा देते, १०० एमबीच्या वरची घेतच नाही. आणि त्याच्या ‘पेजेस’वर उभारलेले संकेतस्थळ १ जीबीच्या आत ठेवावे लागते. २०१५ साली आलेल्या ‘गिट एलएफएस’मध्ये कोठारात फक्त चिठ्ठी राहते, माल दुसरीकडे. पण ‘पेजेस’ला त्या चिठ्ठीवरून माल आणता येत नाही, तेव्हा पाठातल्या चित्रांना ती युक्ती कामाची नाही.

हे सगळे वजनाचे झाले. आमच्या हातून चूक झाली ती वेगळीच. पगारपत्रक कसे वाचावे ह्या पाठासाठी आम्ही एका कामगाराच्या खऱ्या पगारपत्रकाचा फोटो चढवला. त्यावर त्याचे नाव होते, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांकही होता. संध्याकाळी ते लक्षात आले, फोटो काढून टाकला, आणि आम्ही निश्चिंत झालो. दोन आठवड्यांनी आमच्यातल्याच एका मुलीने जुनी नोंद उघडून तोच फोटो माझ्यासमोर धरला. पान फाटलेले नव्हतेच. ‘फोटो काढला’ अशी नवी ओळ तेवढी खाली लिहिली गेली होती.

अशा वेळी ‘गिट फिल्टर-रेपो’ हे साधन वापरून सगळा इतिहास पुन्हा लिहावा लागतो. तो फोटो आला त्या नोंदीपासून पुढच्या सर्व खुणा बदलतात. साऱ्यांना जुन्या प्रती टाकून नव्या घ्यायला सांगावे लागते आणि गिटहबवर राहिलेल्या खुणा पुसायला त्यांच्या मदत-विभागाला लिहावे लागते. एवढे करूनही कुणी आधीच प्रत नेली असेल तर ती परत येत नाही. मी त्या कामगाराच्या घरी जाऊन हे त्याला सांगितले. तो रागावला नाही, फक्त विचारले, “साहेबांनी पाहिला असेल का?” मला उत्तर देता आले नाही.

आता फोटो चढवण्याआधी दुसऱ्या माणसाने तो पाहायचा असा नियम आहे. गेटसभेच्या फोटोत चेहरे ओळखू येत असतील तर तो पाठात जात नाही, आणि फोनने फोटोत ठिकाण नोंदलेले असेल तर ते आधी काढले जाते. पगारपत्रकाचे तर आम्ही एसव्हीजी चित्रच काढले. ते मुळात मजकूरच असल्यामुळे भरते बारा केबी. नावाच्या जागी ‘क. ख. ग.’ आहे. महागाई भत्ता बदलला की त्यातला आकडा बदलायचा, आणि कोणती ओळ कुणी बदलली ते गिट दाखवते.