नकली हाकेने हरिणांची शिकार

पाडसाची आर्त हाक ऐकताच हरिणी त्या दिशेस धावते. काही देशांत विजेरीच्या यंत्रावर अशी ध्वनिमुद्रित हाक वाजवून शिकार करतात. हरिणी मारली गेल्यास तिचे दूधपिते पाडसही दगावते.

ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडच्या रानात भेकर आढळते. तेथे हा मार्ग कोणीही अवलंबू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार प्राण्यास आमिष दाखविणे, सापळ्यात पकडणे व तसा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच होय. तानसा अभयारण्यात शिकार केल्यास ३ ते ७ वर्षे कैद व किमान २५,००० रुपये दंड होतो.

पिकाच्या रक्षणार्थ डबे वाजवून राखण करावी. नासाडी झाल्यास वनरक्षकास त्वरित कळवून पंचनामा करून घ्यावा. ग्रामसेवकांनी ही माहिती ग्रामसभेत समजावून द्यावी.