कुपीतलं औषध, कड्यावरचं गिधाड

"बैल लंगडते जी. पायाले सूज आहे. एखादं इंजेक्शन द्या ना."

सालेकसा तालुक्याच्या सीमेकडल्या एका बाजारगावात, औषधाच्या दुकानासमोर उभा राहून माझ्यासोबतचा सर्वेक्षक एवढंच बोलतो आणि थांबतो. औषधाचं नाव तो मुद्दाम घेत नाही. दुकानदार आपणहून काय पुढे करतो, तेच पाहायचं असतं. कुपी विकत घेऊन दुकानापासून बरंच लांब गेल्यावर तो वही काढतो. औषधाचं नाव, बॅच क्रमांक, कुपी किती मिलिलिटरची, ती जनावरांसाठीची की माणसांसाठीची, हे सगळं टिपून घेतो. पहिल्या दुकानात मेलोक्सिकॅम मिळालं. त्यानं बैलाची सूजही उतरते आणि गिधाडालाही धोका नसतो. दुसऱ्या दुकानात मात्र माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक हातात पडलं.

या दोन कुप्यांमधल्या फरकावर एका पक्ष्याचं असणं-नसणं ठरतं. डायक्लोफिनॅक टोचलेलं जनावर एक-दोन दिवसांत मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. रक्तातलं युरिक आम्ल वाढत जातं. शवविच्छेदनात यकृतावर आणि हृदयावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसतो. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. एवढ्या संहाराला शंभरातलं एखादं विषारी मढंही पुरेसं होतं, कारण एका मढ्यावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो. त्यातच जोडी वर्षाला एकच अंडं घालते. गेलेली संख्या भरून यायला पिढ्या लागतात.

दोष कुणाचा, हे कुठल्या एकट्या देशाला कळलं नाही. भारतात विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव उद्यानात ही घट नोंदवली. कारणाचा छडा लागला पाकिस्तानात, पेरेग्रिन फंडाच्या मदतीनं झालेल्या लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्ताननं डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. २०१० मध्ये बांगलादेशनंही तेच केलं. २०११ पासून 'सेव्ह' या संघटनेत या देशांतल्या आणि बाहेरच्या संस्था एकत्र काम करतात. दुकानातली ही पाहणी नेपाळ-बांगलादेशातही याच रीतीनं होते. म्हणून आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात. नेपाळमधल्या दुकानांतून डायक्लोफिनॅक जवळजवळ नाहीसं झालं आणि तिथली गिधाडं सावरू लागली, हे अशाच नोंदींमुळे कळलं.

बंदीला पळवाटा असतात. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत होत्या, म्हणून भारतानं २०१५ मध्ये कुपीची मर्यादा ३ मिलिलिटर केली. मग लक्षात आलं, की अ‍ॅसिक्लोफिनॅक गुरांच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनतं. तेही, आणि किटोप्रोफेनही, जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झालं. बांगलादेशनं किटोप्रोफेन २०२१ मध्येच थांबवलं होतं. एकानं उचललेलं पाऊल दुसऱ्यासाठी दाखला ठरतं.

गिधाड सीमा मानत नाही. ताडोब्यातून २०२४ मध्ये सोडलेलं एक गिधाड तमिळनाडूपर्यंत गेलं आणि तिथे विजेच्या धक्क्यानं मेलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात सोडलेलं एक ग्रिफन गिधाड थेट कझाकस्तानात पोहोचलं. म्हणूनच 'गिधाड सुरक्षित क्षेत्र' आखताना १०० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ धरतात. सालेकसा तालुक्यातला कचारगड मध्यबिंदू मानून तसं वर्तुळ काढा. दरेकशापुढे डोंगरगड आणि राजनांदगाव आत येतात, उत्तरेला लांजी आणि बालाघाट येतात. म्हणजे महाराष्ट्र, छत्तीसगड आणि मध्य प्रदेश ही तीन राज्यं, तीन पशुसंवर्धन खाती, तीन औषध प्रशासनं. काठमांडू आणि ढाक्याशी बोलणं जितकं गरजेचं, तितकंच बालाघाट आणि राजनांदगावशीही.

कचारगडचे कडे मी पाहिले आहेत. लांब चोचीचं गिधाड अशाच कपारींत घरटं करतं. पण कडा राखून भागत नाही. शंभर किलोमीटरच्या टापूतलं मढं निर्विष असावं लागतं.

हा निरोप पोहोचवायला इथे एक वाट तयार आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेला, आद्य गुरू पारी कुपार लिंगोच्या दर्शनाला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाजाचे लोक कचारगडच्या पायथ्याशी, धनेगावला जमतात. त्यातले बहुतेक गुरं पाळणारे. यात्रेत गोंडी, मराठी आणि हिंदीत एवढंच सांगितलं जावं: जनावर दुखत असेल तर मेलोक्सिकॅम मागा, जनावर मेलं तर शेवटी कोणतं इंजेक्शन दिलं ते वनरक्षकाला सांगा. देशोदेशीचे नियम कागदावर आले आहेत. ते पाळायचे आहेत गोठ्यात, आणि ते काम या यात्रेपासून सुरू करता येईल.