नेपल्सचा ‘प्रेसेपे’

- अर्थ : येशूजन्माचा देखावा. मूळ लॅटिन शब्द गुरांच्या गव्हाणीचा. गोव्यातला नाताळचा ‘गोठो’ याच जातकुळीतला.
- सुरुवात : १२२३, ग्रेचो गाव. संत फ्रान्सिस यांनी खरी गव्हाण, बैल आणि गाढव आणून जन्मसोहळा मांडला.
- भरभराट : १८वे शतक, बूर्बों राजा चार्ल्सचा काळ.
- बाहुली जवळून : डोके भाजक्या मातीचे, डोळे काचेचे, हातपाय लाकडी. धड तारेवर गुंडाळलेल्या अंबाडीसारख्या तंतूंचे, वर रेशमी कपडे. गोठ्याभोवती अख्खा बाजार : मासेवाला, खाणावळवाला. वरच्या बाजूला झोपलेला मेंढपाळ बेनिनो. तो आवर्जून शोधावा.
- कुठे : कारागिरांची सान ग्रेगोरिओ आर्मेनो गल्ली, सान मार्तिनो संग्रहालयातला भव्य कुचिनिएल्लो देखावा (१८७९).
- बाळ येशू : २४ डिसेंबरच्या मध्यरात्री ठेवतात. तोवर गव्हाण रिकामी.